शिल्लक टाकणाऱ्याला कोण विचारणार?

२ एप्रिल २०२५. व्हाइट हाउसचं रोझ गार्डन. राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्या हातात एक मोठा फलक आहे. डावीकडे देशांची नावं, शेजारी दोन रकाने: तो देश अमेरिकेवर लावतो म्हणे ते शुल्क, आणि अमेरिका आता त्याच्यावर लावणार ते. चीनच्या ओळीत पहिल्या रकान्यात ६७ टक्के, दुसऱ्यात ३४. पहिल्या रकान्याच्या मथळ्याखाली बारीक अक्षरांत लिहिलंय: या आकड्यात चलनातली लबाडी आणि व्यापारातले अडथळेही धरले आहेत.

ते कसे धरले, हे त्याच रात्री लोकांनी शोधून काढलं. अमेरिकेची त्या देशाबरोबरची व्यापार तूट, म्हणजे आयात वजा निर्यात, घ्यायची आणि तिला त्या देशाकडून होणाऱ्या आयातीने भागायचं. बस्स. २०२४ मध्ये अमेरिकेने चीनकडून सुमारे ४३९ अब्ज डॉलरचा माल घेतला, तूट होती सुमारे २९५ अब्ज. भागाकार ६७ टक्के. त्याचे निम्मे, ३४. चीनच्या मध्यवर्ती बँकेने त्या वर्षी युआनचा भाव कसा सांभाळला, हे या गणितात कुठेच येत नाही. तूट आहे, म्हणजे समोरच्याने काहीतरी लबाडी केलेली असणार. एवढं गृहीत धरलं की काम झालं.

या समजुतीचा इतिहास लांबलचक आहे, आणि त्यात फिर्यादी आणि आरोपी यांच्या खुर्च्या बदललेल्या दिसतात. सुरुवात करू या एका हॉटेलपासून.

जुलै १९४४. न्यू हॅम्पशायरमधलं ब्रेटन वुड्स. युद्ध अजून संपलेलं नाही, पण ४४ देशांचे प्रतिनिधी युद्धानंतरच्या पैशाची घडी बसवायला जमले आहेत. ब्रिटनकडून आले आहेत अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स. काही वर्षांपूर्वी त्यांनी एक आराखडा मांडला होता. देशादेशांतला हिशेब एका सामायिक संस्थेत, 'बँकोर' नावाच्या चलनात ठेवायचा. जो देश सतत तुटीत जाईल त्याच्यावर आकार बसेल, आणि जो आयातीहून निर्यात जास्त करून सतत शिल्लक टाकत राहील त्याच्यावरही.

यातला दुसरा भाग त्या काळच्या कानांना विचित्र वाटला असणार. शिल्लक टाकणाऱ्याचा गुन्हा काय? केन्स यांचं म्हणणं असं की एकाची शिल्लक हीच दुसऱ्याची तूट असते. तूटवाल्याकडचे पैसे संपले की त्याला निमूटपणे खर्च कमी करावाच लागतो. शिल्लकवाल्यावर मात्र तशी वेळ कधीच येत नाही. सगळा भार एकाच बाजूवर पडतो.

आता हे कोण कुणाला सांगत होतं, ते पाहा. ब्रिटन युद्धाच्या खर्चाने कर्जात बुडालेला. अमेरिकेकडे जगातल्या सरकारी सोन्याचा निम्म्याहून अधिक साठा, आणि निर्यातीतून शिल्लक पडत राहणार हे उघड. अमेरिकेचे हॅरी डेक्स्टर व्हाइट यांनी ती कल्पना पुढे जाऊच दिली नाही. तडजोड म्हणून तिथेच ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या करारात 'दुर्मीळ चलना'चं एक कलम आलं. एखाद्या देशाचं चलन सगळ्यांनाच अपुरं पडू लागलं, तर त्या चलनातल्या व्यवहारांवर इतरांना बंधनं घालता येतील. ते कलम आजवर एकदाही वापरलेलं नाही.

मग व्यवस्था उरली ती अशी: ३५ डॉलर म्हणजे एक औंस सोनं, आणि इतर चलनं डॉलरला बांधलेली. एका डॉलरला ३६० येन, एकदा ठरले ते ठरले. जर्मनी आणि जपान सावरले, त्यांचा माल अमेरिकेत भरू लागला आणि जगात इतके डॉलर साचले की तेवढं सोनं अमेरिकेकडे उरलंच नाही. १५ ऑगस्ट १९७१ च्या रविवारी रात्री रिचर्ड निक्सन यांनी दूरचित्रवाणीवरून डॉलरचं सोन्याशी असलेलं नातं तोडलं, आणि वर आयातीवर १० टक्के अधिभार लावला. तुमची चलनं महाग करा, मग अधिभार काढतो, असा सरळ सौदा होता. त्यांचे अर्थमंत्री जॉन कॉनली यांनी युरोपीय मंत्र्यांना ऐकवलं की डॉलर हे आमचं चलन आहे, पण दुखणं तुमचं आहे. इतकं स्पष्ट बोलणारा अर्थमंत्री विरळाच. डिसेंबरमध्ये येन ३०८ वर आणला गेला. ती घडीही दोन वर्षं टिकली नाही.

आता दुसरं हॉटेल. न्यूयॉर्कचं प्लाझा, २२ सप्टेंबर १९८५.

त्याआधीची पाच वर्षं अमेरिकेत व्याजदर चढे होते. महागाई मोडण्यासाठी तिथल्या मध्यवर्ती बँकेने, फेडरल रिझर्व्हने, ते वर नेले होते. त्याच वेळी रोनाल्ड रेगन यांच्या सरकारने कर कमी केले, संरक्षणाचा खर्च वाढवला आणि फरक कर्ज काढून भरला. चढं व्याज मिळतंय म्हटल्यावर जगभरचा पैसा डॉलरकडे धावला. डॉलर वधारला, अमेरिकी माल परदेशात महाग झाला आणि जपानी मोटारी अमेरिकेत स्वस्त. तूट वाढत गेली. म्हणजे दुखण्याचं मूळ बरंचसं वॉशिंग्टनमध्येच होतं, पण बोट टोकियोकडे दाखवलं गेलं.

प्लाझामध्ये अमेरिका, जपान, पश्चिम जर्मनी, फ्रान्स आणि ब्रिटन यांनी डॉलर उतरवायचं ठरवलं. उतरलाही. सुमारे २४० येनला मिळणारा डॉलर १९८७ च्या सुरुवातीला दीडशेच्या आसपास आला. आता पुरे, म्हणून पॅरिसमध्ये लूव्र करार करावा लागला. पण जपानबरोबरची तूट काही मिटली नाही. १९८७ च्या जुलैमध्ये अमेरिकी काँग्रेसच्या काही सदस्यांनी संसदेच्या हिरवळीवर तोशिबाचा रेडिओ घणाने फोडला. निमित्त वेगळं होतं, त्या समूहातल्या एका कंपनीने सोव्हिएत संघाला यंत्रं विकली होती. घण मात्र ज्या त्वेषाने पडत होता, त्यात व्यापाराचा रागही मिसळलेला होता.

जपानमध्ये महाग येनचा फटका सौम्य करायला मध्यवर्ती बँकेने व्याजदर अडीच टक्क्यांवर आणला. स्वस्त पैसा जमिनींत आणि शेअर्समध्ये शिरला. २९ डिसेंबर १९८९ ला तिथल्या शेअर बाजाराचा निर्देशांक निक्केई ३८,९१५ वर पोहोचला आणि मग कोसळला. ती पातळी पुन्हा दिसायला फेब्रुवारी २०२४ उजाडावा लागला. या सगळ्याचं खापर एकट्या प्लाझा करारावर फोडणं मला पटत नाही, टोकियोतले निर्णय टोकियोचेच होते. बीजिंगमध्ये मात्र त्या गोष्टीचं तात्पर्य एकच काढलं गेलं: अमेरिकेच्या दबावाखाली चलन झपाट्याने महाग होऊ द्यायचं नाही.

चीनच्या चलनाचं, युआनचं, गणित समजून घेण्यासारखं आहे. निर्यातदार डॉलर कमावतो आणि बँकेत आणतो. हे सगळे डॉलर बाजारात विकले गेले तर युआन वधारेल. म्हणून मध्यवर्ती बँक स्वतः ते विकत घेते आणि बदल्यात नवे युआन देते. नव्या पैशाने महागाई वाढू नये म्हणून दुसऱ्या हाताने ती बँकांकडून तो पैसा शोषून घेते. साठलेले डॉलर जातात अमेरिकेच्या सरकारी रोख्यांत. म्हणजे चीनचा माल घेण्यासाठी अमेरिकेने दिलेला पैसा अमेरिकेलाच स्वस्त कर्ज म्हणून परत मिळतो. दोघांनाही हे सोयीचं होतं, हे भांडणात कुणी फारसं बोललं नाही.

दहा वर्षं डॉलरला ८.२८ च्या आसपास बांधलेला युआन २१ जुलै २००५ ला सैल झाला, तोही फक्त २.१ टक्क्यांनी. पुढे तो हळूहळू वधारत गेला. चीनची परकीय चलनाची गंगाजळी २०१४ मध्ये ४ लाख कोटी डॉलरच्या उंबरठ्यावर पोहोचली. आणि मग वारं फिरलं. २०१५ च्या ऑगस्टमधल्या अवमूल्यनानंतर पैसा चीनबाहेर पळू लागला, आणि युआन पडू नये म्हणून चीनने डॉलर विकायला काढले. ५ ऑगस्ट २०१९ ला डॉलर ७ युआनच्या वर गेला, आणि त्याच दिवशी अमेरिकेने चीनवर 'चलनात फेरफार करणारा देश' असा शिक्का मारला. पाच महिन्यांनी, व्यापार करारावर सही होण्याच्या दोन दिवस आधी, तो पुसलाही.

चलनाचा भाव हेच शिल्लकीचं एकमेव कारण नाही. जर्मनीकडे तर स्वतःचं चलनच नाही, ते युरो वापरतं. तरीही २०१५ मध्ये त्याची चालू खात्यावरची (माल, सेवा आणि परदेशातली मिळकत धरून) शिल्लक राष्ट्रीय उत्पन्नाच्या ८ टक्क्यांहून अधिक होती. आणि शुल्क लावलं की तूट पत्ता बदलते. चीनबरोबरची अमेरिकी तूट २०१८ मध्ये सुमारे ४१८ अब्ज डॉलर होती, ती २०२४ मध्ये २९५ वर आली. त्याच काळात व्हिएतनामबरोबरची तूट सुमारे ४० अब्जांवरून १२३ अब्जांवर गेली. जो देश कमावतो त्याहून जास्त खर्च करतो, त्याला ती तूट कुणाकडून तरी भरून घ्यावीच लागते.

एक प्रसंग मुद्दाम शेवटी ठेवला आहे.

ऑक्टोबर २०१०. दक्षिण कोरियातलं ग्योंगजू. जी-२० देशांचे अर्थमंत्री जमले आहेत. महिनाभरापूर्वी ब्राझीलचे अर्थमंत्री गिदो मांतेगा यांनी 'चलनयुद्ध' हा शब्द उच्चारला होता, तो सगळ्यांच्या तोंडी आहे. अमेरिकेचे अर्थमंत्री टिमथी गाइटनर एक प्रस्ताव घेऊन आले आहेत. प्रत्येक देशाने आपली बाह्य तूट किंवा शिल्लक राष्ट्रीय उत्पन्नाच्या ठरावीक टक्क्यांच्या आत ठेवावी. चर्चेत आकडा होता ४ टक्के. तूटवाल्यांनी सावरावंच, पण शिल्लकवाल्यांनीही सावरावं.

व्हाइट यांच्या जागी आता जर्मनी आणि चीन बसले होते. जर्मनीच्या मंत्र्यांना त्यात सरकारी नियोजनाचा वास आला. आणि काही दिवसांनी चीनचे परराष्ट्र उपमंत्री त्स्वेइ थ्येनखाय यांनी, साम्यवादी पक्षाच्या राजवटीतल्या मुत्सद्द्याने, अमेरिकेला सुनावलं की असा कृत्रिम आकडा ठरवणं म्हणजे नियोजित अर्थव्यवस्थेच्या दिवसांची आठवण करून देणारं आहे.

नोव्हेंबरमधल्या सोल परिषदेच्या जाहीरनाम्यात ४ टक्क्यांचा उल्लेख नव्हता.