उज्जैनचे झेंडे पश्चिमेला का फडकत नाहीत?

श्रोतेहो, नमस्कार. आपलं इंदूर या क्षणी पूर्वेकडे धावतं आहे. ताशी सुमारे 1540 किलोमीटर. राजवाडा, सराफ्यातली भुट्ट्याच्या किसाची कढई, तुमच्यासमोरचा रेडिओ, सगळं एकदम. हा नुसता पृथ्वीच्या गिरकीचा वेग. सूर्याभोवतीचा वेगळा, सेकंदाला 30 किलोमीटर. आणि कपातल्या चहावर तरंगसुद्धा नाही.

हे कसं, म्हणून इथून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर दीड हजार वर्षांपूर्वीच एकाने जाब विचारला होता. उज्जैनचा वराहमिहिर. त्याआधी, इसवी सन 499 मध्ये, आर्यभटाने लिहून ठेवलं होतं की नावेत बसून पुढे जाणाऱ्याला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसेच स्थिर तारे आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात. म्हणजे फिरते ती पृथ्वी. वराहमिहिराला हे मुळीच पटलं नाही. ‘पंचसिद्धान्तिके’त तो म्हणतो, पृथ्वी फिरत असेल तर आकाशात गेलेले ससाणे घरट्याकडे परततील कसे? आणि झेंडे? ते तर सतत पश्चिमेकडेच फडकायला हवेत! बरं, पृथ्वी हळू फिरते म्हणाल, तर दिवसभरात एक फेरी पुरी होईल कशी?

हल्ली जुन्या ज्योतिष्यांना एक तर डोक्यावर घेतात, नाही तर हसतात. वाचत कुणीच नाही. पण हरकत बघा किती चोख आहे. आपल्याकडे जमिनीचा वेग सेकंदाला 428 मीटर. ससाणा दहा सेकंद अधांतरी राहिला, तर घरटं सव्वाचार किलोमीटर पुढे! शाळेत सांगितलं म्हणून पृथ्वी फिरते असं मानणाऱ्यापेक्षा, झेंड्याकडे बोट दाखवून भांडणारा माणूस मला जास्त शहाणा वाटतो.

चूक झाली ती हवेपाशी. वराहमिहिराच्या हिशेबात जमीन फिरते आणि हवा जागीच उभी राहते. प्रत्यक्षात हवाही जमिनीबरोबर फिरते. झेंड्याला कळतो तो जमीन आणि हवा यांच्या वेगातला फरक, म्हणजेच वारा. पावसाळ्यात आपल्याकडे वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो, तेव्हा झेंडा फडकतो पूर्वेकडे. वराहमिहिराच्या बरोबर उलट! आणि ससाणा फांदी सोडतो तो फांदीचा वेग अंगात घेऊनच. हे 1640 साली गासेंदी या फ्रेंच पंडिताने मार्सेयच्या समुद्रात करून दाखवलं. जोरात वल्हवलेल्या जहाजाच्या डोलकाठीवरून दगड सोडला. तो मागे पडला नाही. डोलकाठीच्या पायथ्याशीच पडला.

तेव्हा लक्षात ठेवायचं ते एवढंच. वेग अंगाला कळत नाही, वेगातला बदल कळतो. पुन्हा सांगतो, वेग नाही, बदल.

पुण्याच्या गाडीत बसाल तेव्हा करून बघा. सात सेंटिमीटर तोंडाचं, उभ्या कडांचं फुलपात्र अर्धंच भरा. काठोकाठ भरलंत तर शेजारच्यांची बोलणी खाल. खिडकीजवळच्या फळीवर ठेवा. हातात धरू नका, हात नकळत तोल सावरतो. रुळांच्या खडखडाटाने पाणी थरथरेल, त्याकडे लक्ष देऊ नका. पाण्याचा उतार बघा. सरळ रुळांवर एका वेगाने जाताना पाणी सपाट. गाडी ताशी 36 किलोमीटरवरून वीस सेकंदांत थांबली, तर पुढच्या कडेला पाणी मागच्यापेक्षा साधारण साडेतीन मिलिमीटर चढेल. वळणावरही ते कलतं, वेग तोच असला तरी. कारण दिशा बदलणं हाही बदलच.

मग पृथ्वी वळत नाही का? वळते, पण किती सावकाश! स्वतःभोवती एक अंश वळायला चार मिनिटं. कानातल्या तोल सांभाळणाऱ्या नळ्यांना एवढं मंद वळणं समजतच नाही. आणि सूर्याभोवती सेकंदाला 30 किलोमीटर कापताना ती सरळ रेषेपासून सूर्याकडे वळते फक्त 3 मिलिमीटर. सूर्य तिला ओढतो तसाच आपल्यालाही ओढतो, फुलपात्रालाही आणि पाण्यालाही. सगळेच बरोबर वळले, तर धक्का कुणी कुणाला द्यायचा?

गिरकीचा एक परिणाम मात्र आपल्या अंगावर आहे. पृथ्वी फिरायची थांबली असती, तर 60 किलोच्या माणसाचं वजन इंदुरात पावणेदोनशे ग्रॅम जास्त भरलं असतं. पण हे कळेल स्प्रिंगच्या काट्यावर. तागडीवर नाही, कारण दुसऱ्या पारड्यातली वजनंही तेवढ्याच प्रमाणात हलकी झालेली असतात. तेव्हा भाजीवाल्याशी हुज्जत घालायला या माहितीचा काडीचा उपयोग नाही. नमस्कार.