पाठीवरचं नाव: मुहम्मद

न्यू जर्सीतलं मेपलवुड. सिग्नलला गाडी थांबलीय आणि आईचं लक्ष शेजारच्या हायस्कूलच्या खिडकीकडे गेलंय. आत पोरं पांढरे कपडे घालून, तोंडावर जाळीचे मास्क लावून तलवारींनी खेळतायत. हा कुठला खेळ ते माहीत नाही, पण आईला एवढं दिसलं की यात सगळं अंग झाकलेलं असतं, म्हणजे लेकीला वेगळं काही शिवून द्यायला नको.

कारण तोपर्यंत तेच चाललेलं. लेक म्हणजे इब्तिहाज मुहम्मद, पाच भावंडांतली, वडील पोलिसात, आई शिक्षिका, खेळायचं तर सगळ्यांनीच, पण कुठलाही खेळ घेतला की टीमच्या कपड्यांच्या आत लांब बाह्या, खाली ट्रॅक पँट, डोक्यावर हिजाब, आणि मैदानात ही एकटीच वेगळी दिसणार. फेन्सिंगमध्ये, म्हणजे या तलवारबाजीत, मास्क चढवला की सगळ्या सारख्याच.

पुढे ती सेबरकडे वळली. सेबर म्हणजे फेन्सिंगमधला सगळ्यात फास्ट प्रकार, कमरेच्या वर, पंजे सोडून, कुठेही वार करा, नुसतं टोक नाही तर पातं लागलं तरी पॉइंट, डोळ्याची पापणी लवेपर्यंत खेळ संपतो. ट्रेनिंग न्यूयॉर्कला, पीटर वेस्टब्रुक यांच्या फाउंडेशनमध्ये. १९८४ चं ऑलिम्पिक ब्राँझ जिंकलेला हा माणूस, त्यानं या महागड्या खेळात शहरातली कृष्णवर्णीय पोरं आणली, हे काम खरंच खूप मोठं आहे.

२०१६ उजाडलं. ऑलिम्पिकला काही महिने राहिलेत आणि अमेरिकेतच एका कार्यक्रमात पासच्या फोटोसाठी तिला हिजाब काढायला सांगितलं गेलं. ऑगस्टमध्ये रिओत त्याच हिजाबवर मास्क चढवून, पाठीवर 'मुहम्मद' लिहिलेलं जॅकेट घालून ती अमेरिकेकडून उतरली. ब्राँझसाठी इटलीशी मॅच, ४५-३०! हिजाब घालून ऑलिम्पिक खेळलेली पहिली अमेरिकन, आणि गळ्यात टीमचं मेडल.

इथून पुढची इब्तिहाज मला जास्त जवळची वाटते. मास्कमागे सगळ्या सारख्या दिसतात म्हणून जो खेळ धरला, त्याच खेळानं तिला उघड्या चेहऱ्यानं स्टेजवर आणून उभं केलं, आणि तिथे ती नुसत्या मेडलवर बोलत नाही, नैराश्याबद्दल, ॲंग्झायटीबद्दलही मोकळं बोलते, जे खेळाडू सहसा लपवतात. २०१७ ला तिच्यावरची बार्बी जाहीर झाली, हिजाबवाली पहिलीच. २०१८ ला 'प्राउड' हे आत्मकथन.

आणि २०१९ ला मुलांसाठी 'द प्राउडेस्ट ब्लू', लेखिका एस. के. अलींसोबत. मोठ्या बहिणीचा हिजाबचा पहिला दिवस, निळाशार रंग, शाळेत एक मुलगा त्याला टेबलक्लॉथ म्हणतो. धाकटी फैजा हे ऐकते. ती वर्गात बसून चित्र काढते, दोन राजकन्या, दोघींच्या डोक्यावर हिजाब, आणि समुद्र जिथे आकाशाला टेकतो तिथल्या बेटावर दोघी पिकनिक करतायत.