पिंजऱ्यातला पक्षी आणि राजपुत्राची तलवार

नमस्कार, श्रोतेहो. २००६ साली अवघ्या दोन महिन्यांच्या अंतराने जादूगारांवरचे दोन चित्रपट अमेरिकेत झळकले. ऑगस्टमध्ये नील बर्गर यांचा 'द इल्यूजनिस्ट' आणि ऑक्टोबरमध्ये ख्रिस्तोफर नोलन यांचा 'द प्रेस्टीज'. एकाची गोष्ट व्हिएन्नातली, दुसऱ्याची लंडनमधली. काळ साधारण एकच, एकोणिसावं शतक सरतानाचा. दोघांनाही छायाचित्रणासाठी ऑस्करचं नामांकन होतं. त्यामुळे बघणाऱ्यांची गल्लत होते. पण जादूकडे बघण्याची दोघांची नजर अगदी वेगळी आहे, आणि मला त्याबद्दलच बोलायचं आहे.

'इल्यूजनिस्ट'मधला जादूगार आयझेनहाइम कुंडीत बी पेरतो आणि बघता बघता संत्र्याचं झाड वर येतं. दोन फुलपाखरं एका बाईंचा रुमाल उचलून आणतात. या प्रयोगाचं मूळ खरं आहे. रोबेर-उदँ हे फ्रेंच जादूगार मुळात घड्याळजी. त्यांनी असं यांत्रिक झाड बनवून रंगमंचावर फुलवलं होतं. चित्रपटात मात्र संगणकाची मदत डोळ्यांना जाणवते, आणि तिथे माझं आश्चर्य थोडं ओसरतं.

पण तलवारीचा प्रसंग! राजवाड्यात आयझेनहाइम युवराज लिओपोल्डची तलवार मागून घेतो आणि ती टोकावर उभी करतो. ती कुणालाच उचलता येत नाही. मग युवराज स्वतः पुढे होतो. भर दरबारात काही क्षण ती त्यालाही दाद देत नाही. राज्य करायचा अधिकार कुणाचा, हा प्रश्न एकही शब्द न उच्चारता तिथे उभा राहतो. जादू इथे दुबळ्या माणसाच्या हातातलं शस्त्र आहे. पॉल जियामाटी यांचा पोलीस इन्स्पेक्टर उल तर लाजवाब. नोकरी युवराजाची, पण मन जादूगाराकडे ओढ घेतंय. फिलिप ग्लास यांचं संगीत त्या ओढीला आणखी गहिरं करतं.

'प्रेस्टीज'ला असं कुणाला जिंकवायचं नाही. टाळ्यांची किंमत कोण मोजतं, एवढंच तो विचारत राहतो. सुरुवातीलाच पक्ष्यासकट पिंजरा गायब होतो. मग पक्षी हातात जिवंत दिसतो, लोक टाळ्या वाजवतात. एक लहान मुलगा मात्र रडतो, कारण हा पक्षी दुसरा आहे हे त्याने ओळखलेलं असतं. पहिला पिंजऱ्याबरोबर चिरडला गेलाय. संपूर्ण चित्रपट त्या मुलाच्या रडण्यात आहे, असं मी म्हणेन. अँजियर आणि बोर्डन हे दोन प्रतिस्पर्धी जादूगार एकमेकांवर मात करण्यासाठी पुढे जे जे करतात, त्यात चिरडलं जाणारं कुणीतरी असतंच.

चित्रपटात चुंग लिंग सू नावाचा एक म्हातारा चिनी जादूगारही दिसतो. त्याच्या प्रयोगात माशांचं जड भांडं झग्याखाली गुडघ्यांमध्ये लपवलेलं असतं, आणि ते गुपित फुटू नये म्हणून तो रस्त्यातही थकल्या पायांनी चालतो, अख्खं आयुष्य सोंगात घालवतो. खरा चुंग लिंग सू चिनी नव्हताच. तो विल्यम रॉबिन्सन नावाचा अमेरिकन. १९१८ साली लंडनच्या रंगमंचावर बंदुकीची गोळी झेलण्याच्या प्रयोगात गोळी खरोखर सुटली आणि त्यात त्याचा जीव गेला.

विजेचा संशोधक निकोला टेस्लाही यात येतो, डेव्हिड बोवी यांच्या रूपात, आणि अँजियरला एक अजब यंत्र बनवून देतो. १८९९ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्समध्ये टेस्ला खरंच विजेचे प्रयोग करत होता. या यंत्रामुळे कथा विज्ञानकथेकडे झुकते, अशी काहींची तक्रार आहे. मला ती पटत नाही. हातचलाखी संपली की जादूगार किती खाली उतरू शकतो, ते त्या यंत्रामुळेच दिसतं.

माझं मत 'प्रेस्टीज'ला. पण आधी 'इल्यूजनिस्ट' बघा, त्याच्या प्रेमकथेचा आनंद निखळ आहे. 'प्रेस्टीज' मात्र दोनदा बघा. शेवट मी फोडत नाही. दुसऱ्या वेळी बोर्डनच्या बायकोकडे, साराकडे लक्ष ठेवा. नवऱ्याचं प्रेम आज खरं आहे की नाही, हे ती त्याच्या डोळ्यांत बघून सांगते, आणि तिचं कधीच चुकत नाही.