एक वर्षाची मुलाखत

(दृश्य : पहाट. भोसरी एमआयडीसी. शटर वर जातं, दिवे लागतात.)

सकाळचे पावणेसात. गाळ्यात धातू कापणारी, संगणकावर चालणारी तीन मशीन (दोन सीएनसी लेथ, एक व्हीएमसी), एक म्हातारी मिलिंग मशीन आणि भिंतीवर ताजा हार घातलेला गणपती. कामाला तेवीस माणसं. इथले छोटे छोटे भाग टेम्पोत चढतात आणि चाकणला गाड्यांच्या कारखान्यात जातात.

आत्ता जो पोरगा कापताना धातू थंड ठेवणाऱ्या कूलंटची बादली घेऊन गेला, तो जुन्नरकडचा. आयटीआयचा मशिनिस्ट ट्रेड करून ॲप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ उमेदवार, म्हणून इथं लागला, त्याला आता अकरा महिने होतील.

त्याला घ्यायची मालकावर सक्ती नव्हती. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आणि त्याखालचे नियम असं सांगतात, की ३० किंवा जास्त माणसं असतील तर मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यायलाच हवेत. ४ ते २९ माणसं असतील तर मालकाची मर्जी. हा मालक मर्जीनं दर वर्षी दोघांना घेतो.

स्वस्तात पडतात म्हणून, असं कुणीही म्हणेल. खोटं नाही ते. पगाराऐवजी विद्यावेतन द्यायचं, पीएफची भानगड नाही. वर २०१६ पासून केंद्राची योजना आहे, तिच्यात विद्यावेतनाचा पाव हिस्सा, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, सरकार उचलतं. कागदावर हिशेब गोड दिसतो.

(दृश्य : जवळून. मायक्रोमीटर धरलेला हात.)

पण कागदावर मामा नसतात. मामा म्हणजे गाळ्यातले सगळ्यात जुने सेटर, मशीन जुळवून देणारे. पहिल्या आठवड्यात पोरानं बारीक माप घ्यायचा मायक्रोमीटर हातात घेतला आणि जॉबवर, म्हणजे घडवायच्या तुकड्यावर, करकचून आवळला. मामा लांबूनच ओरडले, "अरे, सी-क्लॅम्प आहे का तो? मागचं रॅचेट फिरव. टिकटिक झाली की थांब."

ती टिकटिक हातात बसायला पंधरा दिवस गेले. मामांचा रोजचा तास-दीड तास पोराच्या मागे गेला, आणि मामांचा तास हा इथला सगळ्यात महागडा तास. फुटलेले इन्सर्ट, म्हणजे कापायची पाती, वेगळे. पहिले तीन महिने ॲप्रेंटिस मालकाला कमावून देत नाही, खर्चच करवतो. हे सोडून स्वस्ताईचा हिशेब मांडणाऱ्यानं गाळा चालवलेला नाही, एवढंच म्हणू.

मग मालकाच्या हाती काय लागतं?

(दृश्य : लाल रंगाचा रिजेक्शनचा ट्रे.)

एरवी ऑपरेटर कसा ठेवतात? ओळखीतून कुणीतरी येतो. "एक जॉब काढून दाखव," म्हणतात. तो काढून दाखवतो, चांगलाच काढतो. पण जॉब बिघडला की हा माणूस काय करतो? लाल ट्रेत टाकून सांगतो, की गुपचूप चांगल्या मालात मिसळतो? अर्ध्या तासाच्या ट्रायलमध्ये ते कळायला मार्ग नाही. आणि मिसळलेला एक नग गिऱ्हाइकाच्या तपासणीत सापडला, की अख्खा लॉट परत येतो. मग रात्रभर बसून सगळे नग मोजा.

दुसऱ्याच महिन्यात या पोरानं ऑफसेट, म्हणजे मशीनला द्यायची मापाची दुरुस्ती, उलटा दिला. अधिकच्या जागी उणे. चौदा नगांचा व्यास वीस मायक्रॉननं कमी भरला. जेवणाची सुट्टी होती, कुणाचं लक्ष नव्हतं. त्यानं चौदाही नग उचलून लाल ट्रेत ठेवले आणि मामांसमोर जाऊन उभा राहिला. "मामा, माझ्याकडून गेले."

मामांनी शिव्या घातल्या. मालकानं घरी जाऊन बायकोला सांगितलं, की एक माणूस मिळाला.

ही मुलाखत वर्षभर चालते. दिवाळीत गावाला गेलेला वेळेवर परततो का, जेवणानंतर डोळा लागतो का, मशीनचा आवाज बदलला की मान वर होते का, हे सगळं मालक बघत असतो.

आणखी एक गोष्ट घडते, आणि ती कुणी ठरवून घडवत नाही. नवीन पोरगा "का?" विचारतो. जॉब पकडून ठेवणाऱ्या एका फिक्श्चरखाली अर्ध्या मिलिमीटरची शिम, म्हणजे पातळ पट्टी, होती. "मामा, ही कशाला?" मामा म्हणाले, "पहिल्यापासून आहे." मग त्यांनाच आठवलं. पूर्वीच्या फाउंड्रीचं कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, कमी मापाचं यायचं, म्हणून ती घातली होती. फाउंड्री बदलून चार वर्षं झाली. शिम तिथंच, आणि ती सांभाळून घ्यायला दर सेटिंगला वेगळा ऑफसेट टाकणं चालूच. काढली, तर सेटिंगचा वेळ कमी झाला.

आता दुसरी बाजू. मीही एका कारखान्यात शिकाऊ होतो. वर्षभर खोकी चिकटवली. टेप सरळ लावायला शिकलो, मशीनला हात लावू दिला नाही. त्या मालकाला खोकी स्वस्तात चिकटवून मिळाली, पण वर्ष संपल्यावर आमच्यातला कोण कसा आहे ते त्याला ठाऊक नव्हतं. पुन्हा नवी बॅच, पुन्हा खोकी.

लहान मालकांची कायमची तक्रार असते : आम्ही शिकवायचं, मोठ्यांनी पळवायचं. खरी आहे. पण या गाळ्यातून गेलेला एकजण आज चाकणला एका मोठ्या कंपनीच्या क्वालिटी विभागात आहे. ड्रॉइंगमध्ये शंका आली की मामा थेट त्यालाच फोन लावतात. असा फोन पैसे टाकून मिळत नाही.

(दृश्य : संध्याकाळ. मालकाची केबिन. काचेपलीकडे मशीन चालू.)

महिन्याभरात या पोराचं वर्ष भरेल. मग परीक्षा, मग राष्ट्रीय प्रमाणपत्र. करारात तसं ठरलेलं नसेल, तर मालकानं नोकरी द्यायलाच हवी असं नाही, आणि दिली तर पोरानं घ्यायलाच हवी असंही नाही. मालकानं एका चिठ्ठीवर पगाराचा आकडा लिहून पुढं सरकवला. पोरानं वाचला, घडी करून खिशात ठेवला.

"साहेब, चाकणलाही एक अर्ज टाकलाय. रविवारी गावाला जातो, वडिलांना विचारून सांगतो."

"विचार. पण सोमवारी पहिल्या शिफ्टला ये. नव्या जॉबचं सेटिंग आहे, आणि मामा रजेवर आहेत."