पहिला नंबर की दुसरा?

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचंय बीटल्सच्या दुसऱ्या सिंगलबद्दल, ‘प्लीज प्लीज मी’बद्दल. ११ जानेवारी १९६३ ला ही छोटी तबकडी ब्रिटनमधल्या दुकानांत आली. आधीची ‘लव्ह मी डू’ विक्रीच्या यादीत सतराव्या नंबरापर्यंत चढून थांबली होती. म्हणजे बरी चालली, पण घरोघरी काही पोचली नव्हती.

आता खरी गोष्ट. ती सांगायला मला फार आवडते, तेव्हा वेळ तिलाच जाणार.

पार्लोफोन या रेकॉर्ड कंपनीचे निर्माते जॉर्ज मार्टिन. तोवर त्यांचं नाव होतं ते विनोदी रेकॉर्डसाठी. सप्टेंबर १९६२ मध्ये त्यांनी या पोरांपुढे मिच मरे या गीतकाराचं ‘हाऊ डू यू डू इट’ ठेवलं. हेच चालणार, असं त्यांचं मत. पोरांनी ते निमूट गाऊन दिलं आणि मग हळूच सांगितलं, आम्हाला आमचंच गाणं हवंय. मार्टिनसाहेबांचं उत्तर सरळ होतं: मग इतकं चांगलं लिहून आणा.

बीटल्समधल्या जॉन लेननकडे एक गाणं होतं. अमेरिकन गायक रॉय ऑर्बिसनच्या वळणाचं, संथ, विव्हळणारं. मार्टिनसाहेबांना ते कंटाळवाणं वाटलं. ते म्हणाले, लय वाढवा. लक्षात घ्या, दुसरं गाणं आणा असं नाही म्हणाले. हेच गाणं, फक्त लय वाढवा.

२६ नोव्हेंबरला मंडळी ॲबी रोडच्या स्टुडिओत परत आली ती गाणं पळवतच. वर लेननचा माउथ ऑर्गन, अगदी पहिल्या क्षणापासून. (अशा सुरुवातीवर बडबड करणारे आमचे काही निवेदक बंधू आहेत. त्यांना माइक देऊच नये, असं माझं जुनं मत आहे.) १८ टेक झाले. मग कंट्रोल रूममधून मार्टिनसाहेबांचा आवाज आला: मंडळी, तुमचं पहिलं एक नंबरचं गाणं तयार झालंय.

आणि ते नाकारलेलं गाणं? एप्रिल १९६३ मध्ये ‘जेरी अँड द पेसमेकर्स’नी तेच एक नंबरवर नेलं. साहेबांचा कान तिथेही चुकला नव्हता!

तबकडी आली तेव्हा ब्रिटनमध्ये हाडं गोठवणारी थंडी होती, सगळीकडे बर्फ. १९ जानेवारीला, शनिवारी संध्याकाळी, ‘थँक यूअर लकी स्टार्स’ या टीव्ही कार्यक्रमात बीटल्स हे गाताना दिसले. इतक्या बर्फात बाहेर जाणार कोण? त्यामुळे पुष्कळ लोक टीव्हीपुढेच होते.

मग झालं का गाणं एक नंबर? ‘मेलडी मेकर’ आणि ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’ या संगीत साप्ताहिकांच्या यादीत झालं. ‘रेकॉर्ड रिटेलर’ या तिसऱ्या साप्ताहिकाच्या यादीत मात्र दुसरं. वर गायक फ्रँक आयफील्ड ठाण मांडून होता. पुढे हीच तिसरी यादी अधिकृत धरली गेली, म्हणून २००० साली निघालेल्या बीटल्सच्या एक नंबरी गाण्यांच्या संग्रहात ‘प्लीज प्लीज मी’ नाही. दोन याद्यांत पहिलं, एका यादीत दुसरं, आणि संग्रहाबाहेर! या याद्यांवर माझा फारसा विश्वास नाही, तो यामुळेच. माझी कसोटी वेगळी: गाणं नीट संपतं का? हे संपतं, ठणठणीत. आवाज बारीक करत पळ काढणारी गाणी मला अर्धवटच वाटतात.

अमेरिकेत तर आणखीच गंमत. कॅपिटल कंपनीने नकार दिला, म्हणून शिकागोच्या व्ही-जे या कंपनीने फेब्रुवारी १९६३ मध्ये ही तबकडी काढली. लेबलवर बँडच्या नावात एक ‘टी’ जास्त! ती पडलीच. जानेवारी १९६४ मध्ये तीच पुन्हा बाजारात आणली, तेव्हा गाणं थेट तिसऱ्या नंबरापर्यंत गेलं. ४ एप्रिलला ‘बिलबोर्ड’ या अमेरिकन साप्ताहिकाच्या यादीत पहिली पाचही गाणी बीटल्सची होती, आणि पाचवं होतं ‘प्लीज प्लीज मी’. तोवर कॅपिटलवालेही बीटल्सच्या तबकड्या हौसेने विकत होते.