सरळ वाचायचं पुस्तक, उलटसुलट वाचायचं पुस्तक

श्रोतेहो, नमस्कार.

ई-रीडर, म्हणजे ई-पुस्तकं वाचायचं यंत्र, घ्यावा की छापील पुस्तकंच घेत राहावीत, असं कुणी विचारलं तर त्याला आधी उलट विचारावं, तुम्ही वाचता काय आणि वाचता कसं? कादंबरी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सरळ वाचली जाते. व्याकरणाचं, कायद्याचं किंवा वनस्पती ओळखायचं पुस्तक तसं वाचलं जात नाही. पान ४० वरून २१२ वर, तिथून सूचीत, सूचीतून पुन्हा ४० वर, अशी तिथे ये-जा चालते. निवडीचा निम्मा निकाल इथेच लागतो. वजन, बॅटरी, कागदाचा वास वगैरे गोष्टी नंतरच्या.

आधी यंत्राकडे वळू. ई-रीडर म्हणजे लहान टॅब्लेट नव्हे. टॅब्लेटचा पडदा डोळ्यांवर उजेड फेकतो. ई-रीडरच्या पडद्यात, म्हणजे ई-इंकमध्ये, साधारण केसाच्या जाडीएवढ्या कुप्यांचा थर असतो. प्रत्येक कुपीत पारदर्शक द्रव, आणि त्यात पांढरे व काळे कण. दोन्हींवरचा विद्युतभार एकमेकांच्या विरुद्ध. विजेचा दाब बदलला की एका रंगाचे कण वर येतात, दुसऱ्या रंगाचे तळाशी जातात. एकदा अक्षर उमटलं की ते टिकवायला वीज लागत नाही. वीज लागते ती पान उलटताना, दिव्याला आणि वायफायला. दिवाही मागून नसतो. तो कडेला असतो आणि त्याचा उजेड पडद्यावर पसरवलेला असतो.

बॅटरी आठवडेच्या आठवडे चालते ती यामुळे. पण खोक्यावरच्या आकड्याखाली बारीक अक्षरात काय लिहिलंय तेही वाचा. ‘सहा आठवडे’ याचा अर्थ बहुधा रोज अर्धा तास वाचन, वायफाय बंद आणि दिवा मंद असा असतो. म्हणजे एकूण २१ तास. रोज तीन तास वाचणाऱ्याला हाच ई-रीडर एक आठवडा पुरेल. एकदम दोन-तीनशे पुस्तकं भरली, तर शोधासाठी त्यांची अनुक्रमणी तयार करताना यंत्र बराच वेळ बॅटरी खात राहतं. ती बॅटरी खराब नसते, काम संपलं की सगळं ताळ्यावर येतं.

आणखी एक तक्रार नेहमी ऐकू येते: मागच्या पानाची पुसट छाया नव्या पानावर दिसते. कण पुरते आपापल्या जागी गेलेले नसतात, एवढंच त्याचं कारण. सेटिंगमध्ये प्रत्येक पानाला ‘पेज रिफ्रेश’ चालू केलं की पडदा क्षणभर काळा होतो आणि छाया जाते, बॅटरी मात्र थोडी जास्त लागते. खरी भीती वेगळीच आहे. बहुतेक ई-रीडरच्या पडद्याच्या आत पातळ काच असते आणि पिशवीतल्या किल्ल्यांच्या दाबानेही ती तडकते. तडकली की पडद्याचा तेवढा भाग गोठतो, जुनं अक्षर तिथेच अडकून राहतं. दुरुस्तीपेक्षा बहुधा नवं यंत्र परवडतं. कडक पाठीचं कव्हर पहिल्या दिवशीच घ्यावं.

अक्षरांच्या स्पष्टतेची चिंता आता उरलेली नाही. २००७ साली आलेल्या पहिल्या किंडलच्या, म्हणजे ॲमेझॉनच्या ई-रीडरच्या, पडद्यावर इंचाला १६७ ठिपके होते, आज ३०० हे नेहमीचं प्रमाण आहे. रंगीत ई-इंकची गोष्ट निराळी. त्यात पडद्यावर रंगांची गाळणी बसवलेली असते, त्यामुळे प्रचलित पडद्यांवर रंगीत चित्राची स्पष्टता निम्मी, म्हणजे १५० ठिपक्यांवर येते आणि पांढरा भागही करडा दिसतो. मुलांची चित्रपुस्तकं, चित्रकला, नकाशे हे सगळं कागदावरच घ्यावं.

मग ई-रीडर कुणासाठी? सरळ वाचणाऱ्यासाठी, आणि ज्याला मोठं अक्षर लागतं त्याच्यासाठी. हजार पानांची कादंबरी झोपून वाचताना मनगट दुखतं, सहा इंची ई-रीडर मात्र साधारण दोनशे ग्रॅमच्या आत-बाहेर असतो. अक्षर वाढवलं की मजकूर आपोआप नव्याने ओळींत बसतो. चाळिशीनंतरच्या डोळ्यांना ही एक सोय बाकी सगळ्या वैशिष्ट्यांपेक्षा मोलाची वाटते.

पडद्यावर आणि कागदावर वाचताना आकलनात फरक पडतो का? २०१८ साली ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. माहितीपर मजकूर कागदावर अधिक चांगला कळतो, वेळेचं बंधन असलं की हा फरक वाढतो, आणि कथात्म मजकुरात तो दिसत नाही, असा त्याचा निष्कर्ष. २०१९ साली आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ५० वाचकांपैकी निम्म्यांनी एक रहस्यकथा किंडलवर वाचली, निम्म्यांनी छापील पुस्तकात. बहुतेक चाचण्यांत दोन्ही गट सारखे ठरले, पण कोणती घटना आधी घडली आणि कोणती नंतर, हे छापील वाचणाऱ्यांनी जास्त अचूक सांगितलं. हाताखाली डावीकडची पानं वाढतात आणि उजवीकडची कमी होतात, त्याचा काही संबंध असावा, असं संशोधकांना वाटतं. परीक्षेसाठी वाचत असाल तर कागद, करमणुकीसाठी असेल तर कशावरही वाचा.

सगळ्यात जास्त निराशा होते ती पीडीएफमुळे. ई-पब या प्रकारच्या फाइलमध्ये मजकूर वाहता असतो, पडद्याच्या मापाने तो बसतो. पीडीएफ हे पानाचं ठरलेलं चित्र असतं. हिशोब करून बघा. ए-फोर पान २१० मिलिमीटर रुंद, सहा इंची पडदा साधारण ९० मिलिमीटर. पान मावायचं तर ४३ टक्क्यांवर आणावं लागतं. पॉइंट हे अक्षराचं माप, ११ पॉइंटचं अक्षर मग ४.७ पॉइंटचं होतं, औषधाच्या खोक्यावरच्या सूचनांसारखं. कडांची कोरी जागा कापून टाकली तर मजकुराची रुंदी १६० मिलिमीटर धरू, अक्षर ६ पॉइंटवर जातं. यंत्र आडवं धरलं तर साडेआठ पॉइंटपर्यंत येतं. हे वाचता येतं, पण प्रत्येक पान दोन-तीन तुकड्यांत वाचावं लागतं. दहा इंची यंत्रावर ए-फोर पान तीन-चतुर्थांश मापाचं दिसतं, तिथे काम भागतं. तेव्हा साठवलेलं वाचन मुख्यतः पीडीएफ असेल तर सहा इंची यंत्र घेऊच नका. पीडीएफचं ई-पब करता येतं, पण पानांचे आकडे आणि वरची शीर्षकं वाक्याच्या मधोमध घुसतात, तक्त्यांचं तर भजंच होतं. स्कॅन केलेली जुनी पुस्तकं असतील तर त्यात मजकूरच नसतो, नुसते फोटो असतात.

देवनागरीची परीक्षा वेगळी घ्यावी. ‘दुसऱ्या’, ‘कर्तृत्व’, ‘राष्ट्रीय’, ‘वैशिष्ट्य’, ‘स्थिती’ असे शब्द असलेलं एक पान यंत्रावर उघडून बघा. ‘दुसऱ्या’तला र नीट जोडला जातो का, ‘स्थि’ची पहिली वेलांटी जोडाक्षराच्या आधी येते का, की मधेच अडकते? जुन्या यंत्रांवर आणि घाईत केलेल्या ई-पुस्तकांत नेमकं हेच मोडतं. युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या अक्षरांच्या प्रमाण पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये जुळवलेलं पुस्तक असेल तर ते दिसायला ठीक दिसेल, पण त्यात शब्द शोधला तर सापडणार नाही. शब्दकोशासाठी शब्दावर बोट दाबून धरलं तरी हाती काही लागत नाही.

कवितेच्या बाबतीत ई-पुस्तकावर जरा संशयच ठेवावा. अक्षर मोठं केलं की कवितेची लांब ओळ मोडून दुसऱ्या ओळीवर येते, आणि कवीने कुठे थांबायला सांगितलं ते कळेनासं होतं.

आता मालकीचा मुद्दा. ‘विकत घ्या’ हे बटण दाबलं तरी बऱ्याच दुकानांत तुम्हाला मिळतो तो वाचण्याचा परवाना. २००९ साली ॲमेझॉनने विकलेली काही पुस्तकं ग्राहकांच्या यंत्रांवरून दुरूनच काढून घेतली होती. ती पुरवणाऱ्या कंपनीकडे हक्क नव्हते म्हणून, आणि पैसेही परत दिले, पण पुस्तक गेलं ते गेलंच. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं. तिथेही पैसे परत मिळाले, पुस्तकं मात्र उघडेनाशी झाली. फेब्रुवारी २०२५ पासून किंडलची पुस्तकं संगणकावर उतरवून केबलने हलवण्याची सोयही ॲमेझॉनने काढून टाकली. जे पुस्तक वीस वर्षांनी पुन्हा लागणार आहे, कुणाला द्यायचं आहे किंवा समासात खुणा करून ठेवायचं आहे, ते छापीलच घ्यावं. ई-पुस्तकात टिपा करत असाल तर अधूनमधून त्या बाहेर काढून ठेवा. किंडलवर ‘माय क्लिपिंग्ज’ नावाची साधी फाइल असते. यंत्र केबलने जोडा आणि ती संगणकावर उतरवून घ्या.

छापील पुस्तक टिकतं, पण बांधणी चांगली असेल तरच. मिटलेल्या पुस्तकाच्या कण्याचं वरचं टोक बघा. पानांच्या घड्या, म्हणजे फर्मे, वेगवेगळे दिसले तर ते शिवलेलं असण्याची शक्यता आहे. एवढ्यावर विसंबू नका. काही पुस्तकांत फर्मे असतात, पण कण्यात खाचा पाडून नुसता गोंद भरलेला असतो. एखाद्या फर्म्याचं मधलं पान उघडा, घडीत दोरा दिसला तरच शिवण. घड्या दिसतच नसतील, पानांचा गुळगुळीत ठोकळा असेल, तर कणा कापून गरम गोंद लावलेला आहे. दोनशे पानांच्या कादंबरीला तो पुरतो. आठशे पानांचा संदर्भग्रंथ असा बांधलेला असेल तर तो सपाट उघडताना गोंद तडकतो आणि पानं गठ्ठ्याने सुटतात.

कागदाची दिशाही तपासता येते. एक पान हलकेच कण्याला समांतर वाकवा, मग आडवं वाकवा. समांतर सहज वाकायला हवं. उलट असेल तर कागदाचे तंतू आडवे आहेत. असं पुस्तक उघडं राहत नाही, पानं ताठ उभी राहतात आणि दमट हवेत कण्यापाशी लाटा येतात. जाडजूड नवं पुस्तक एकदम मधे उघडू नये. कणा टेबलावर टेकवा, दोन्ही पुठ्ठे खाली सोडा, मग पुढची थोडी पानं, मागची थोडी पानं, अशी आळीपाळीने दाबत मध्यापर्यंत या. वर्तुळातलं अनंताचं चिन्ह छापलेलं असेल तर कागद आम्लरहित आणि टिकाऊ आहे असं समजा. वर्तमानपत्री कागदात लाकडातलं लिग्निन नावाचं द्रव्य राहतं, तो पिवळा पडून कुरकुरीत होणारच.

हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशी धरते, म्हणून कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका आणि पुस्तकं कोंबून भरू नका. काढताना कण्याच्या वरच्या टोकात बोट घालून ओढलं की तिथलंच कापड फाटतं. शेजारची दोन पुस्तकं आत ढकलून मधलं मधोमध धरावं.

आणि ई-रीडर काही महिने वापरणार नसाल तर बॅटरी निम्मी भरा, यंत्र पूर्ण बंद करा, आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा चार्ज बघा. पार उतरलेली लिथियम बॅटरी तशीच पडून राहिली तर पुन्हा चार्ज घेईलच असं नाही.

नमस्कार.