पहिला बेस, पहिलं विमान

विमान कंपनीकडून पायलटच्या नेमणुकीचं पत्र येतं, घरात पेढे वाटले जातात. त्या पत्रासोबत एक फॉर्मही असतो. बेस कुठला हवा, विमान कुठलं हवं, पसंतीक्रम भरा.

इंदूरच्या लोकमान्य नगरातली ही मुलगी. 200 तासांचं उड्डाण झालं, कमर्शियल पायलट लायसन्स मिळालं, आता पुढ्यात हा फॉर्म. बाबांचा पहिला प्रश्न, "यात इंदूर का नाही गं?"

बेस म्हणजे तुमची ड्यूटी जिथून सुरू होते आणि जिथे संपते ते शहर. देवी अहिल्याबाईंच्या नावाचा विमानतळ गावातच आहे खरा. पण नव्या को-पायलटच्या वाट्याला बहुधा दिल्ली, मुंबई, बंगळूरु, हैदराबाद अशी शहरं येतात. आणि आमचं ठाम मत आहे, आधी बेस बघा, विमान नंतर.

का? स्टँडबायमुळे, म्हणजे राखीव ड्यूटीमुळे. त्या दिवशी फोन आला की ठरलेल्या वेळात विमानतळावर हजर व्हायचं असतं. बेस मुंबई असेल तर इंदूरला बसून ते जमणार नाही, मुंबईत खोली घ्यावीच लागते. आता सुट्टीचं बघा. डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था. तिच्या नव्या नियमांत आठवड्याची विश्रांती 36 वरून सलग 48 तास झाली. मोठाच दिलासा. पण मुंबई-इंदूर अवंतिका एक्सप्रेसने जाऊन-येऊन दोन्ही रात्री गाडीत जातात, आईजवळ राहायला मिळतो एक दिवस. विमानाने सव्वा तासाचंच अंतर, पण स्टाफ तिकिटावर जागा उरली तरच बसता येतं. दिवाळीत, लग्नसराईत ती उरणं कठीण.

आता विमान. बहुतेकांचा जीव एअरबस ए320 मध्ये अडकलेला असतो. एकाच टाइप रेटिंगवर, म्हणजे ठरावीक प्रकारचं विमान उडवण्याच्या परवान्यावर, ए319, ए320, ए321 उडवता येतात, जगभर मागणी आहे. त्यापुढे एटीआर 72 साधं वाटतं. पंख्यांचं विमान, वेग ताशी 500 किलोमीटरच्या आसपास, 25 हजार फुटांच्या वर जायचं नाही. पावसाळ्यात मोठे ढग वरून ओलांडता येत नाहीत, रडारवर बघून वळसे घालत जावं लागतं. पण छोट्या फेऱ्या, एका दिवसात तीन-चार लँडिंग, आखूड धावपट्ट्या, आडवा वारा. नवशिक्याचा हात बसतो तो अशा उड्डाणांतच. एटीआरला कमी लेखणाऱ्यांचं आम्हाला पटत नाही.

मात्र पुढे विमान बदलायचं तर नवं टाइप रेटिंग, पुन्हा सिम्युलेटर, आणि कंपन्या सहसा काही काळ बदलूही देत नाहीत. सही करण्याआधी ही मुदत विचारून घ्या.

तिने क्रम लावला. मुंबई, एअरबस. ते नसेल तर मुंबई, एटीआर. मग दिल्ली. शेवटी देणार कंपनीच, स्वतःची गरज आणि पायलटची सीनियॉरिटी बघून. बदलीची रांगही बहुतेक ठिकाणी सीनियॉरिटीनेच लागते. म्हणून रुजू व्हायची तारीख मिळाली की ती पुढे ढकलू नका.